काढून ठेव

माझा दादा प्रत्येक गोष्ट टाकतो. म्हणजे बोलण्यात. जेवून टाकू, आंघोळ करून टाकतो, फोन करून टाक, त्याला एकदाचं सांगून टाक. लहानपणी आई म्हणायची, "अरे, एखादं तरी काम नुसतं कर, टाकू नकोस." पण त्याच्या जिभेला वळण पडलं ते पडलंच. पुढे तो गवंडी झाला, मग ठेकेदार झाला, आणि बांधकामावर तर काय, टाकण्याचंच राज्य. तिथे भराव टाकतात, स्लॅब टाकतात, पत्रे टाकतात आणि संध्याकाळी उरलंसुरलं डंपरमध्ये टाकतात. शब्द एकच. कुठलं टाकणं बांधायचं आणि कुठलं फेकायचं, हे ज्याचं त्याने ओळखायचं.

मला तो शब्द सहन होत नाही. का ते सांगते, उगाच आडपडदा नको. माझ्या नवऱ्याने दुसरीकडे घर मांडलं आणि मी बॅग उचलून दादाकडे परत आले. आम्ही वेगळे झालो असं म्हणता येतं, त्याने सोडलं असंही म्हणता येतं. लोक तसं म्हणत नाहीत. लोक म्हणतात, "नवऱ्याने टाकलेली." तोंडावर नाही म्हणत, पाठ वळली की म्हणतात. आणि माझे कान फार तिखट आहेत.

आल्यावर बरेच दिवस मी दादाच्या घरात चोरासारखी वावरत होते. वहिनी चांगली आहे, तिने कधी वाकडा शब्द काढला नाही. पण कुणाच्या घरात आपण कपाटाचा कुठला खण वापरायचा हे विचारावं लागलं, की माणूस आपोआप लहान होतो. मी सकाळी अंथरूण असं गुंडाळून ठेवायची की रात्री तिथे कुणी झोपलं होतं याची खूणही राहू नये.

मग दादाला डॉक्टरीणबाईंचं काम मिळालं. बाईंचं जुनं बैठं घर, पुढच्या खोलीत दवाखाना. ते पाडून तिथे चार मजली इमारत उभी करायची, आणि तळमजल्यावर पुन्हा दवाखाना. बाईंनी समोरच्याच रस्त्यावर भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या आणि एक अट घातली. जुन्या घरातलं जे जे वापरण्याजोगं असेल ते नव्या इमारतीत गेलं पाहिजे, आणि राडारोड्याच्या गाड्या होता होईल तेवढ्या कमी बाहेर पडल्या पाहिजेत. "राडारोडा ओततात त्या खड्ड्यावरून मी रोज येते-जाते," त्या म्हणाल्या, "त्यात माझंच घर पडलेलं मला बघायचं नाही."

दादाने जेवताना कपाळाला हात लावला. "विटा वेचत बसायला माणूस कुठून आणू?"

"खारूला न्या की," वहिनी म्हणाली. खारू म्हणजे मी. लहानपणापासून मी दोऱ्या, बटणं, डब्यांची झाकणं साठवते, म्हणून घरात माझं हे नाव. "तिच्या हातून कागदाचा चिटोरा सुटत नाही. तिला तुमच्या कामावर सोडा आणि बघा."

अशी मी कामावर गेले. पहिल्या दिवशी मला काय दिसलं? सिमेंटच्या पिशवीतलं सिमेंट अर्धवट काढून पिशवी भिरकावलेली. सकाळी कालवलेला माल दुपारी दगड झालेला, तो घमेल्यासकट उपडा केलेला. सळईचा लांब तुकडा हवा म्हणून नव्या सळईला कात्री, आणि शेजारीच कालचा तेवढाच तुकडा गंजत पडलेला. मी दादाला म्हटलं, "एवढं तर आपल्या आईने एका जन्मात सांडलं नसेल." दादा म्हणाला, "बांधकाम आहे बाई, स्वयंपाकघर नाही." मी म्हटलं, "आता आहे."

मी कोपरे पाडले. अख्ख्या विटा एकीकडे, अर्ध्या दुसरीकडे, चुरा तिसरीकडे; चुरा जोत्याच्या भरावात जायचा. दारं-चौकटी सावलीत, खिळे उपसून. सळयांचे तुकडे लांबीप्रमाणे उभे. पिशव्या झटकून घडी घातलेल्या. माल जेवणापूर्वी संपेल एवढाच कालवायचा, कमी पडला तर पुन्हा कालवा, हात झिजत नाहीत. आणि एक नियम माझा स्वतःचा: माझ्यासमोर कुणी 'टाक' म्हणायचं नाही. 'ठेव' म्हणायचं. वीट काढून ठेव. चौकट सोडवून ठेव.

लोकांना खेळच मिळाला. "ताई, चहा टाकू की ठेवू?" "ठेव." "ताई, स्लॅब ठेवायचा कधी?" "ताई, नुसता ठेवलेला स्लॅब डोक्यावर येईल हां!" चार दिवसांत माझं नाव ठेवताई पडलं. मी तोंडाने रागावले आणि मनातून हरखले. टाकलेलीची ठेवताई झाले होते, आणि तेही कुणी मुद्दाम न करता.

डंपर रोज यायचा तो एकाआड एक दिवस यायला लागला, मग आठवड्यातून एकदा. डंपरवाला कुरकुरला, "ताई, तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय." मी त्याला जुन्या विटा इकडून तिकडे वाहायचं काम मिळवून दिलं, तेव्हा गप्प झाला. डॉक्टरीणबाई संध्याकाळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन यायच्या आणि माझे कोपरे बघत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "तू हे काम पुढेही करणार आहेस ना? माझ्या मैत्रिणीचं घर आहे पाडायचं." त्या रात्री मी अंथरूण घालताना पहिल्यांदा विचार केला, की आपल्याला काय हवंय. मला हेच हवं होतं. हे काम, आणि दादाच्या घरात माझ्या हक्काचा एक खण.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मी दादाला फोनवर ऐकलं. तो गॅलरीत मामांशी बोलत होता, मी आत कपड्यांच्या घड्या करत होते. मामांनी कुठलंसं स्थळ आणलं होतं; बायको गेलेला माणूस, दुकानदार, स्वभावाने गरीब. दादा म्हणाला, "हो हो, माणूस चांगला असेल तर काय हरकत आहे. रविवारी येऊन बघून जाऊ देत. लावून टाकू तिचं एकदा."

लावून टाकू.

मी हातातला शर्ट पुन्हा उलगडला आणि पुन्हा त्याची घडी केली. माझ्या डोळ्यांसमोर तो डंपर आला, मागचं फळकूट खाली सोडलेला. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, त्यांनी तुला विचारलं नाही? मला वाटलं तुला माहीत आहे." मला माहीत नव्हतं. रविवार चार पावलांवर होता आणि मी दादाशी बोलले नाही. विचारलं आणि त्याने खरंच 'टाकू' म्हटलं तर, याची मला भीती वाटत होती.

आता फरशीचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं.

बाईंच्या जुन्या दवाखान्यात, जिथे पेशंट बसायचे, त्या खोलीला नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या होत्या. एका फरशीवर फुलाचा पाव भाग. चार जुळल्या की एक फूल. सुईला घाबरून रडणाऱ्या पोरांना बाई सांगायच्या, "फुलं मोज, तोवर मी आलेच." मोजता मोजता सुई होऊन जायची. त्या पोरांची पोरंही मग तिथेच फुलं मोजायला बसली. सगळ्या घरात बाईंनी हट्टाने मागितलेली एकच वस्तू होती, ही फरशी. नव्या दवाखान्यात तीच हवी होती.

फरशीवाल्या काकांशी मी बोलून घेतलं होतं. ते म्हणाले, कोपऱ्यातली एक फरशी फोडावी लागेल, मग तिथून चपटी छिन्नी आत सरकवून एकेक सोडवत जायचं. वेळ लागेल. मी म्हटलं, "लागू दे. काढून ठेवा." भिंतीलगतच्या ओळी त्यांनी सुंदर सोडवल्या. ठेवायला काही नव्हतं, म्हणून मी सकाळी बाजारात जाऊन फळवाल्यांकडून रिकामी लाकडी खोकी गोळा केली आणि टेम्पोत घालून परत निघाले.

कोपऱ्यावरच मला ब्रेकरचा आवाज आला. भिंत फुटताना तो वेगळा येतो, जमीन फुटताना वेगळा. मी टेम्पो थांबायच्या आत उतरले.

खोली संपली होती. भिंतीलगत सोडवलेल्या फरश्यांची थप्पी तेवढी शाबूत, बाकी सगळीकडे तुकडे आणि धूळ. अर्धा ढीग डंपरमध्ये गेलेला, डंपरवाला गाडी चालू करून बसलेला. मी त्याच्यासमोर आडवी उभी राहिले. "बंद कर," म्हटलं, "बंद कर म्हणते ना!" त्याने बंद केली. मी मागे वळले.

"काका, हे काय केलंत?"

फरशीवाल्या काकांचं तोंड उतरलं होतं. "शेठनी सांगितलं. मशीन येणार म्हणाले, पुढची खोली आजच काढून टाका. मी विचारलंसुद्धा, शेठ, टाकू? तर म्हणाले, हो, टाक टाक. मला वाटलं, बेत बदलला."

दादा आतून आला, हेल्मेट काखेत. त्याने खोली बघितली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे! मी फोडायला कधी सांगितलं?"

"टाक म्हणालात शेठ. दोनदा."

"अरे ते माझं बोलणं आहे! काढून टाक म्हणजे काढ, लवकर काढ! मी जेवून टाकू म्हणतो, म्हणून ताट फेकतो का?"

कुणी हसलं नाही. एरवी हसले असते.

"दादा," मी म्हटलं. माझा आवाज चढला नाही, याचं मलाच नवल वाटलं. "ते कसं ओळखायचं त्यांनी? तुझ्या पोटात काय आहे ते त्यांना दिसतं का? त्यांना तुझा शब्द ऐकू येतो."

"चुकलं. पण मनात तसं नव्हतं ना."

"मग माझ्याबद्दल मामांना काय म्हणालास? लावून टाकू तिचं एकदा. तेही तुझं बोलणंच का?"

दादाने हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. सगळी माणसं एकदम आपापल्या कामाला लागल्यासारखी खाली बघायला लागली. मला लाज वाटली नाही. मला रडू येत होतं आणि ते मी येऊ दिलं.

"खारू," तो हळूच म्हणाला, "तुला कुठे टाकीन का मी?"

"मला काय माहीत? मला विचारलं कुणी?"

तो तुकड्यांकडे वळला आणि डंपरवाल्याला म्हणाला, "खाली कर सगळं. इथेच, सावलीत. हळू कर, ओतू नकोस." आणि पहिलं घमेलं त्याने स्वतः धरलं.

दुपारी बाईंना सांगायला जायचं होतं. रस्ता ओलांडताना दादा म्हणाला, "सांगून टाकू का, की फरशी आतून कुजलेलीच होती?" मी फक्त त्याच्याकडे बघितलं. "बरं," तो म्हणाला, "बरं."

बाई दोन पेशंटच्या मध्ये होत्या. दादाने उभ्यानेच सांगितलं. "फरशी फुटली. माझ्या तोंडामुळे फुटली. काढा म्हणायच्या ऐवजी काढून टाका म्हणालो, आणि त्यांनी टाकली. त्यांची चूक नाही, हिची तर नाहीच."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला फार राग आलाय," त्या म्हणाल्या. "आत्ता मी काही बोलले तर ते मला नंतर आवडणार नाही. तुम्ही जा."

आम्ही गेलो. संध्याकाळी त्यांची खुर्ची आली नाही. घरी दादा जेवला नाही, आणि जेवून टाकतो असंही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. खुर्ची ढिगाऱ्याजवळ लावली, दादाला बोलावलं आणि म्हणाल्या, "तोंड उघडा. जीभ दाखवा." दादा एवढा मोठा बाप्या, पण घाबरून त्याने खरंच जीभ काढली. बाईंनी नीट न्याहाळली. "दिसायला तर बरी आहे," त्या म्हणाल्या, आणि वाकून एक तुकडा उचलला. मग फरशीवाल्या काकांना हसू फुटलं, मग मला, आणि शेवटी जीभ आत घेऊन दादालाही. पण बाई हसत नव्हत्या. त्या तुकड्यावरची माती अंगठ्याने पुसत होत्या. "हा बाकड्यासमोरचा आहे," त्या म्हणाल्या, "इथे पाय घासून घासून रंग गेलाय." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांच्याजवळ बसले आणि आम्ही जुळवायला लागलो.

बरेच तुकडे चुरा झाले होते, ते भरावात गेले. काही निम्मे होते, काहींचा फक्त कोपरा गेला होता. चार पाव कुठे ना कुठे जुळायचे, एकाचं फूल दुसऱ्याच्या पाकळीला लागायचं. सगळी खोली भरणार नव्हती, ते दिसतच होतं. बाकड्यासमोरचा पट्टा होईल, असं काका म्हणाले, बाकीच्या ठिकाणी साधी करडी फरशी. घराचा मागचा भाग आधीच पाडून तिथे नव्या तळमजल्याचं छत झालेलंच होतं; दवाखान्याची खोली आधी करून घ्या, बाई म्हणाल्या, त्यांना बघायची होती.

"हे मी करतो," दादा काकांना म्हणाला. "तुम्ही मला सांगत जा." ठेकेदार झाल्यापासून त्याने थापी धरली नव्हती. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून तो जमिनीवर बसला, आणि पहिल्याच फरशीला माल जास्त झाला म्हणून काकांनी त्याला झापलं.

आमचं बोलणं मात्र झालं नव्हतं. दादा स्थळाबद्दल ब्र काढत नव्हता, मीही नाही. रविवार उजाडला. वहिनीने सकाळी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "साडी काढू का?" मी म्हटलं, "मी कामावर जाते." ती म्हणाली, "तुझ्या दादालाही तिथेच जायचंय म्हणे." आणि माझा डबा भरून दिला.

रविवार असल्यामुळे कामावर दुसरं कुणी नव्हतं. दादा पट्ट्याच्या शेवटच्या फुलाशी बसला होता. तीन पाव बसले होते. थप्पीतल्या अख्ख्या फरश्या संपल्या होत्या, आणि चौथा कुठेच जुळत नव्हता. जे तुकडे उरले होते त्यांत पाकळी एक तर रुंद होती नाही तर अर्धी. दादाने एक अर्धीवाला घेतला, फिरवून पाहिला. "हा चालेल?"

"पोरं म्हणतील, हे फूल धरायचं की नाही?"

"बाई सांगतील त्यांना काय ते." त्याने तो बसवला आणि थापीच्या दांड्याने हलकेच ठोकला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हात कोपरापर्यंत मालात, म्हणून त्याने मानेने मला खूण केली. खिशातून फोन मी काढला. मामांचा होता. मी तो त्याच्या कानाला लावून धरला.

मामांचा आवाज मोठा, मलाही सगळं ऐकू येत होतं. पाहुणे निघाले होते. तासाभरात पोचतील. मुलगी तयार आहे ना?

"मामा," दादा म्हणाला, "त्यांना परत फिरवा. माझी माफी कळवा त्यांना. मी तिला न विचारता तुम्हाला हो म्हणालो, ते चुकलं."

मामा काहीतरी ओरडले. लोक काय म्हणतील, असंच.

"म्हणू देत. तिला लग्न करायचं असेल तर ती सांगेल, तेव्हा बघू. तोवर ती माझ्याकडे आहे आणि माझ्या कामावर आहे. घरातली मागची खोली तिची. आणि मामा, एक सांगून टा..."

तो थांबला. त्याने समोरच्या फुलाकडे बघितलं, मग मान वर करून माझ्याकडे.

"सांगून ठेवतो," तो म्हणाला. "ती कुठे जायची नाही."

मी फोन बंद करून माझ्याच पदरात ठेवला. दादाने पुन्हा खाली मान घातली. अर्ध्या पाकळीशेजारी करड्या फरशीची जागा मोकळी होती, ती त्याने ओल्या हाताने पुसून घेतली.

"माल टाक," तो म्हणाला.

मी घमेल्यातून थापीभर माल घेतला आणि टाकला.